धाकट्याची टाच

माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात ज्या एका माणसाला बघताक्षणी पास केलं, तो माणूस त्या वेळी त्यांची टाच दाबत होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मँचेस्टरला आमच्या मंडळाचा तिळगूळ समारंभ एका चर्चच्या हॉलमध्ये व्हायचा. भिंतीला लागून खुर्च्या, आणि खुर्च्यांवर मुलांकडे राहायला आलेल्या सासवा नि आया. नऊवारीवर कार्डिगन, पायात मोजे, मोज्यांवर चपला. तेवढ्यात हे गृहस्थ आले. कॉर्डरॉयची पँट, टाय गळ्याऐवजी खिशात, खिशातून बाहेर लोंबणारा. ते सरळ त्या खुर्च्यांकडे गेले आणि एका टोकापासून वाकून नमस्कार करत सुटले. परदेशी राहिलेल्यांचा नमस्कार कसा असतो, ठाऊक आहे ना? हात गुडघ्यापर्यंत नेल्यासारखा करायचा आणि वरच्यावर आटोपायचं. यांचं तसं नव्हतं. हे पार खाली जायचे, दोन्ही हात टाचांमागे न्यायचे आणि तिथेच थांबायचे.

सासूबाई गहिवरल्या. माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे बघ. याला म्हणतात संस्कार. नाहीतर तू. वाकलास की पाठीत उसण भरते."

गृहस्थ उठले, अंगठा नि बोट एकमेकांवर चोळत म्हणाले, "काकू, टाच झकास आहे. एकदम सडपातळ. निर्धास्त जगा."

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "माणूस चांगला आहे गं. पण टाचेचं काय म्हणत होता?"

टाचेचं मला पुढच्याच महिन्यात कळलं, कारण मी त्याच माणसाच्या हाताखाली लॅबमध्ये कामाला लागले. ते लिपिडचे डॉक्टर होते. म्हणजे रक्तातल्या चरबीचे. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच भलतं वाढलेलं असतं. खाण्यापिण्याचा दोष नाही, ते रक्तातूनच बापाकडून किंवा आईकडून पोराकडे येतं. हृदयाच्या नळ्यांत ते साचत जातं, आणि माणूस ऐन उमेदीत बसल्या जागी जातो. तेच कोलेस्टेरॉल टाचेमागे जी दोरीसारखी जाड शीर असते ना, तिच्यातही साचतं. ती फुगते, खडबडीत होते. जाणत्या बोटांना ते लगेच कळतं. डॉक्टरांचा नमस्कार म्हणजे फुकटची तपासणी होती.

"इंग्रज डॉक्टर हात मिळवतात," ते मला म्हणाले होते. "हातात फार तर बोटांच्या मागच्या चरबीच्या गाठी लागतील. आपल्याकडे माणूस स्वतःहून पाय पुढे करतो आणि वर आशीर्वाद देतो. असली सोय जगात कुठे आहे?"

माझा इंटरव्ह्यूही त्यांनीच घेतला. मी इचलकरंजीची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्यांनी विचारली.

"घरात आणखी कोण शिकलंय?"

"कोणी नाही. मी पहिली."

"वडील काय करतात?"

"माग चालवतात. दुसऱ्याच्या कारखान्यात. आणि मला त्याची लाज वाटत नाही."

"मी कुठे म्हटलं वाटते म्हणून? तुटलेला धागा शोधायची घरात सवय आहे का, एवढंच बघत होतो. इथे तेच काम आहे."

त्या दिवसापासून माझं नाव बी.एस्सी. पडलं. "ए बी.एस्सी., सेंट्रिफ्यूज थांबलं का बघ." "बी.एस्सी., चहा कर आणि माझ्यासमोर बिस्किट खाऊ नकोस." आधी मला वाटलं, चिडवतायत. मग एकदा एका बड्या प्रोफेसरला त्यांनी माझी ओळख करून दिली ती "ही आमची बी.एस्सी." अशी, आणि ती अशा आवाजात, की तो बिचारा प्रोफेसर आपलं सगळं शिक्षण विसरून उठून उभा राहिला.

त्यांच्या सवयी एकेक सांगाव्यात अशा होत्या. बोलताना ते माणसाच्या डोळ्यांत रोखून बघायचे. बायकांचा गैरसमज व्हायचा. बघत असायचे ते बुबुळाभोवती त्याच चरबीचं पांढरं कडं आहे का आणि पापणीवर पिवळट डाग आहेत का. लग्नाच्या जेवणात ते शेजाऱ्याला "तुमचे वडील कितव्या वर्षी गेले?" असं विचारायचे, श्रीखंड वाढत असतानाच. लोक त्यांच्या शेजारी बसायचं टाळत. मंडळाच्या सेक्रेटरीबाई तर त्यांना खास टोकाची खुर्ची देत, आणि तिथे बसून ते पंगतीतल्या सगळ्यांच्या टाचा बघत.

क्लिनिकमधली सिस्टर खास लँकाशायरची होती. जगातल्या सगळ्यांना ती 'लव्ह' म्हणायची, डॉक्टरांनाही. ते एकदा एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंसमोर गुडघे टेकून बसले, तेव्हा ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "लव्ह, परत प्रपोज करतोय बघ. या आठवड्यातली ही चौथी."

आणि त्या म्हाताऱ्या बाई लाजल्या होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता उपवासाची गंमत सांगते. रक्तातली चरबी मोजायची तर माणूस उपाशीपोटी यावा लागतो. इंग्लिश पेशंटना छापील कागद जायचा. आपल्या मराठी कुटुंबांना मात्र डॉक्टर स्वतः फोन करत. त्यांना आपल्या मराठीचा भारी अभिमान. 'फास्टिंग' म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. ते म्हणायचे, "गुरुवारी सकाळी उपवास करून या."

एकदा स्टॉकपोर्टहून एक अख्खं कुटुंब आलं. सासू, सासरे, मुलगा, सून, आणि सुट्टीला आलेला जावई. मी रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवलं आणि नळ्या वर काढल्या, तर काय बघते! वरचं पाणी एरवी फिक्क्या चहासारखं स्वच्छ दिसतं. इथे पाचही नळ्यांत दूध. मी डॉक्टरांना हाक मारली. ते नळ्या खिडकीशी घेऊन गेले, मँचेस्टरच्या त्या राखाडी आभाळासमोर धरल्या, आणि नाचायचेच बाकी राहिले.

"बी.एस्सी.! हा तर दुधाळ रक्ताचा वेगळाच आजार, आणि अख्खं घराणं! तीन नाही, चार नाही, पाचच्या पाच! असं जगात कुणी पाहिलं नसेल!"

मी म्हटलं, "डॉक्टर, पण सून?"

"सुनेचं काय?"

"सून बाहेरून आलेली. तिच्यात यांचं रक्त कुठून येणार? आणि जावई तर पटेल आहे."

डॉक्टर थबकले. नळ्या खाली ठेवल्या. बाहेर जाऊन त्या घरच्या सासूबाईंसमोर उभे राहिले. "काकू, उपवास केला होता ना?"

"म्हणजे काय! कडक केला. सगळ्यांनी. जावयालासुद्धा करायला लावला."

"काही खाल्लं नाही?"

"छे हो. साबुदाण्याच्या खिचडीशिवाय तोंडात काही घातलं नाही. सहाला उठून केली. दाण्याचं कूट नि तूप मात्र सढळ घातलं. म्हटलं, रक्त काढणार, अंगात जोर हवा."

डॉक्टरांचा चेहरा मी विसरणार नाही. जो माणूस मराठी शब्दासाठी जीव टाकायचा, त्याला मराठी माणसाचा उपवास म्हणजे काय याचाच विसर पडला होता. पुढच्या वेळी त्यांनी शब्द बदलला. "निर्जळी करून या" म्हणाले. तर एक आजोबा आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब न घेता आले, आणि सिस्टरला त्यांची शीर सापडेना. शेवटी ते फोनवर एवढंच सांगू लागले, "नुसते उपाशी या. पाणी प्या. देवाचा याच्याशी काही संबंध नाही."

पण या सगळ्या टाचा, सगळ्या नळ्या ते ज्या एका माणसापायी धुंडाळत होते, तो माणूस काही हाती लागत नव्हता. तो म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

हे त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं, मीठ द्या म्हणावं इतक्या साध्या आवाजात. तिघे भाऊ. वडील चाळिशीत गेले, शेतावरून येऊन पाणी मागितलं आणि गेले. आजोबाही तसेच. थोरले दादा गेले ते ऑफिसच्या जिन्यात. त्यांच्या घरात पन्नाशी कुणी पाहिलीच नव्हती. दादा गेल्यावर डॉक्टरांनी स्वतःचं रक्त तपासलं. चोख निघालं.

"नाणं उडवण्यासारखं असतं ते," ते म्हणाले. "प्रत्येक पोराच्या वेळी वेगळं उडतं. दादाचं उलटं पडलं, माझं सुलटं. बाळचं अजून हवेतच आहे."

हा बाळ पंचेचाळिशीचा होता. लंडनजवळ इल्फर्डला राहायचा, कौन्सिलमध्ये नोकरी करायचा. आवाज गोड, पोट सुटलेलं, स्वभाव हसरा. डॉक्टर दर रविवारी त्याला लॅबमधून फोन करत. मी कामाला असले तर एका बाजूचं बोलणं मला ऐकू यायचं, आणि बाळच्या आवाजाला इतकी खणखण होती की दुसऱ्या बाजूचंही यायचं.

"बाळ, रक्त कधी देतोस?"

"अण्णा, हवा कशी आहे तिकडे?"

"हवा गेली खड्ड्यात. रक्त?"

"परत रक्ताचं नाव काढलंस तर फोन ठेवतो."

"ठेव."

तो ठेवायचा. डॉक्टर रिसीव्हरकडे बघत म्हणायचे, "दणकून ठेवला. म्हणजे अजून जोर आहे."

रक्त देत नाही तर निदान टाच तरी बघू, असं त्यांनी ठरवलं. "माणूस आकड्याशी भांडतो," ते म्हणायचे, "मशीन बिघडलं म्हणतो, बी.एस्सी. झोपली होती म्हणतो. स्वतःच्या टाचेशी कोण भांडणार?" पण बाळही त्यांचाच भाऊ. त्याला हे पक्कं कळलं होतं. अण्णा घरात असला की तो घोट्याच्या वर येणारे बूट काढायचा नाही. ऑगस्टमध्येसुद्धा. विचारलं तर म्हणायचा, थंडी वाजते. डॉक्टर त्याला ब्लॅकपूलला घेऊन गेले, म्हटलं समुद्रावर तरी काढील. हा गृहस्थ वाळूत बूट घालून चालला, आईस्क्रीम खात. डॉक्टरांनी त्याला वाढदिवसाला नवे बूट भेट दिले आणि "घालून दाखव" म्हणाले. त्याने आत जाऊन बदलले आणि दार आतून लावून घेतलं.

आणि नमस्कार करायची तर सोयच नव्हती. धाकटा मोठ्याच्या पाया पडणार. मोठा धाकट्याच्या पडू शकत नाही. पडला तर धाकट्याचं आयुष्य घटतं म्हणतात. अख्ख्या इंग्लंडातल्या मराठी टाचा ज्यांना खुल्या होत्या, त्यांना नेमकी हीच एक बंद होती.

"मी पाया पडलो तर त्याचं आयुष्य घटेल म्हणतात," डॉक्टर मला म्हणाले. "आणि नाही पडलो तर नक्की घटणार. बी.एस्सी., तू खेड्याजवळची आहेस. मोठा माणूस धाकट्याच्या पाया पडतो असा एखादा प्रसंग सांग."

मी म्हटलं, "मी इचलकरंजीची आहे. खेडं नाही ते."

"बरं, शहरातला सांग."

मी विचार केला. जावयाचे पाय धुतात, पण बाळ काही त्यांचा जावई नव्हता. कुमारिकेचे धुतात, तेही जमेना. मग मला आमच्या गल्लीतलं मारुतीचं देऊळ आठवलं. तिथे दर वर्षी कीर्तनाला एक पोरगेला बुवा यायचा, मिसरूड जेमतेम फुटलेलं. पण कीर्तन संपलं की गल्लीतले सगळे म्हातारे त्याच्या पायावर डोकं ठेवत. कीर्तनाला उभा राहिला की त्याला वय नसतं. तो गादीवर असतो.

मी हे सांगितलं मात्र, डॉक्टरांनी हातातला सँडविचचा तुकडा खाली ठेवला. "आणि कीर्तनकार," ते हळूच म्हणाले, "अनवाणी असतो."

पुढचे दोन महिने त्या नास्तिक माणसाने मंडळात कीर्तनाचा जो प्रचार केला, तो एखाद्या मठाधिपतीला जमला नसता. गणपतीत एक संध्याकाळ कीर्तन हवंच. आपली मुलं काय ऐकत वाढणार? सेक्रेटरीबाई चाट पडल्या. आदल्या वर्षी याच माणसाने आरतीच्या वेळी दोन जणांच्या पापण्या तपासल्या होत्या. बुवा कुठून आणायचा, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "माझा भाऊ आहे की. लहानपणी गावच्या बुवांच्या मागे उभा राहून साथ करायचा. आवाज ऐकाल तर रडाल."

इल्फर्डला त्यांनी स्वतः फोन केला नाही. सेक्रेटरीबाईंना करायला लावला. आपल्या आवाजाची तारीफ तिऱ्हाईत बाईच्या तोंडून ऐकल्यावर कोणता पुरुष नाही म्हणेल? बाळ एका दमात हो म्हणाला. पूर्वरंगाला काय घेऊ, उत्तररंगाला काय घेऊ, याच्यावर अर्धा तास बोलला. बुटांचा विचार त्याच्या मनात आलाच नाही.

तो आला तो धोतर, उपरणं, फेटा अशा थाटात, सोबत त्याची एकुलती एक मुलगी. कॉलेजात शिकणारी, इल्फर्डमध्येच जन्मलेली, मराठी बोलायची हौस दांडगी पण लिंगाची कायम गडबड. मला म्हणाली, "आंटी, बाबा खूप नर्व्हस आहे. सकाळपासून त्याने दोन वेळा आंघोळ केला."

स्टेजवर पाय ठेवायच्या आधी बाळने बूट काढले. काढता काढता त्याची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांवर गेली. डॉक्टर छताकडे बघत होते, चेहरा अगदी भाविक. बाळचा हात बुटावर क्षणभर थांबला. मग झांज वाजली, आणि त्याला चढावंच लागलं.

खरं सांगते, माणूस गायला छान. मध्येच इल्फर्डच्या कौन्सिलच्या गमती आख्यानात घालायचा, कचऱ्याच्या डब्यांवरून देवालाही नोटीस येते वगैरे. हॉल हसून हसून लोटपोट. मी स्टेजच्या कडेला प्रसादाचं ताट घेऊन उभी होते. आरती झाली, आणि लोक पाया पडायला येऊ लागले. म्हातारे आले, पोरं आली, माझ्या सासूबाई आल्या. बाळ सगळ्यांना बुक्का लावत होता. मग डॉक्टर उठले.

लोक माना उंचावून बघू लागले. मोठा भाऊ धाकट्याच्या पाया पडतोय. डॉक्टर वाकले, दोन्ही हात टाचांमागे नेले, डोकं पावलांवर टेकवलं. आणि उठेचनात.

मागे कुणीतरी मुसमुसू लागलं. सेक्रेटरीबाईंनी पदर डोळ्याला लावला. सासूबाई म्हणाल्या, "राम-लक्ष्मण गं, राम-लक्ष्मण." मी जवळ होते, म्हणून मला राम-लक्ष्मण काय बोलतायत ते ऐकू येत होतं.

"अण्णा, उठ. लोक बघतायत."

"हलू नकोस. डावा राहिलाय."

"उजव्यात कळलं नाही?"

"कळलं."

बाळच्या हातातला बुक्का तसाच राहिला. समोर लोकांकडे बघत, ओठ न हलवता त्याने विचारलं, "जाड आहे?"

डॉक्टरांचे खांदे एकदा हलले. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, लोकांना वाईट आकडे सांगताना पाहिलं, पण ते खांदे त्या एकदाच हललेले पाहिले. बाळने एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि वर बघून खणखणीत आवाजात ओरडला, "गणपती बाप्पा!" हॉलने "मोरया!" म्हणून छत डोक्यावर घेतलं, आणि त्या गोंधळात मी डॉक्टरांना दंडाला धरून उठवलं.

मग मागच्या स्वयंपाकघरात जुंपली. भल्यामोठ्या स्टीलच्या सिंकला टेकून बाळ बुटांच्या नाड्या आवळत होता, आणि मी कपबश्या धुण्याचं सोंग करत होते.

"फसवलंस," बाळ म्हणाला. "देवाच्या नावावर फसवलंस."

"फसवलं. आता रक्त दे."

"मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुला? रोज मोजे घालतो मी. हाताला लागत नसेल?"

हे डॉक्टरांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"ठाऊक होतं तर मग..."

"तुझं चोख निघालं ना, त्या दिवशी तू मला फोन केलास. तू रडत होतास, आणि म्हणालास, बाळ, मी सुटलो. मग घाईघाईने म्हणालास, तूही सुटशील. मी तपासलं नाही तोवर आपण दोघं सारखे होतो, अण्णा. तपासलं की तू इकडे, आणि मी दादाकडे."

तेवढ्यात दारात त्याची मुलगी येऊन उभी राहिली, तोंडात मोदक. "काका, तू बाबाची पाय का धरली होती? इतका वेळ?"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. सांगायचं कुणी? शेवटी मीच तोंड उघडलं. मला आडपडदा जमत नाही. म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या घरात एक आजार आहे. बाबांना असेल असं वाटतंय. असला तर तुलाही असू शकतो, नसूही शकतो. रक्त तपासलं की कळतं."

तिने मोदक गिळला. "मग तपासा ना. माझी ब्लड घ्या. डॅड, इट्स जस्ट अ ब्लड टेस्ट. तू घाबरतोय?"

"मी नाही घाबरत," बाळ म्हणाला.

"मग झालं. दोघं देऊ. उद्या?"

स्वतःपुरता तो मेल्यावरही हो म्हणाला नसता. पण पोरगी बाही वर करून उभी राहिली, तेव्हा बापाला नाही म्हणायला जागाच उरली नाही. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, "उपाशी या. आणि खिचडी खाऊ नका." बाळला ते कळलं नाही. मला हसू आवरेना, कप हातातून निसटला.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या नळ्या मी स्वतः फिरवल्या. दोन्हींतलं पाणी सारखंच स्वच्छ. या आजारात कोलेस्टेरॉल असं डोळ्यांना दिसत नाही. मशीन सांगेपर्यंत डॉक्टर माझ्यामागे येरझारा घालत होते. आधी मुलीचा आकडा आला. चोख. मी वळून सांगितलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. मग बाळचा आला. मी कागद नुसता पुढे केला. त्यांनी तो बघितला, घडी केली, खिशात टायच्या शेजारी कोंबला, आणि म्हणाले, "मला आधीच ठाऊक होतं. फक्त माझ्या बोटांवर माझा विश्वास नव्हता."

त्या आधी या आजाराला एक पूड मिळायची, वाळूसारखी, संत्र्याच्या रसात ढवळून प्यायची. पेशंट ती गुपचूप सिंकमध्ये ओतत. पण तेव्हा नुकतीच एक नवी गोळी आली होती, आणि तिच्यावर डॉक्टरांचा लहान मुलासारखा विश्वास बसला होता. क्लिनिकमध्ये बाळ खुर्चीत बसला होता, अनवाणी. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. सिस्टरने त्याच्या टाचा बघितल्या आणि "अरे लव्ह, या तर दोन वांगी आहेत" म्हणून त्याला हसवलं. डॉक्टरांनी गोळीची बाटली पुढे केली.

"रोज रात्री एक. चुकवायची नाही."

बाळने बाटली उलटसुलट करून बघितली. "आणि तूप?"

"बंद."

"पुरणपोळीवर?"

"पुरणपोळीवर दूध घे. साय काढलेलं."

"त्यापेक्षा मेलेलं काय वाईट?"

"ते मला विचार. मी दोनदा बघितलंय."

मग बाळने विचारलं, "किती दिवस घ्यायची?"

"मी जाईपर्यंत."

"तू? अण्णा, आजार मला झालाय."

"झाला असेल. दादा सगळ्यांत पुढे होता, तो गेला. आता नंबर माझा आहे. तू माझ्या मागे उभा राहायचंस. या देशात रांग मोडत नाहीत, बाळ."